एक काम, तीन दारं: बटण, मेनू आणि कीबोर्डला एकच आज्ञा

मागच्या भागात आपण विंडोला मेनू बार लावला आणि त्याच्या आधी टूलबार. ज्यांनी सोबत कोड लिहिला असेल त्यांच्या लक्षात आलं असेल, की एकच काम आता दोन-दोन ठिकाणी जोडावं लागतंय. आज तेच सोडवू. उदाहरणं जावाच्या स्विंगमधली घेतो, कारण ही गोष्ट स्विंगमध्ये नीट दिसते. पायथन वापरणाऱ्यांनी थांबावं, शेवटी क्यूट आणि टीकिंटरकडे येतो.

समजा, एका पतसंस्थेच्या काउंटरसाठी आपण प्रोग्राम लिहितोय. खातेदार पैसे देतो, कॅशियर रक्कम टाइप करते आणि पावती नोंदवते. 'पावती नोंदवा' हे काम तिला तीन ठिकाणांहून करता येतं. टूलबारवर बटण आहे, 'व्यवहार' नावाच्या मेनूमध्ये तोच पर्याय आहे, आणि एफ९ ही कळ आहे. नवीन माणूस मेनू उघडून वाचत बसतो, थोडा सरावलेला बटण दाबतो, आणि दहा वर्षं काउंटरवर बसलेली बाई माउसला हातही लावत नाही, एफ९ दाबते. त्यामुळे तिन्ही दारं ठेवावी लागतात.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो. पावती नोंदवण्याचा कोड एका मेथडमध्ये टाकायचा आणि बटणाच्या लिसनरमधून व मेनूच्या लिसनरमधून तीच मेथड बोलवायची. हे योग्यच आहे, कोडची नक्कल टळते. पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

बघा, आपण वाटून घेतलं ते फक्त 'काय करायचं' एवढंच. 'आत्ता करता येतं का' हे वाटलंच नाही. खातं निवडलेलं नसेल तर पावती नोंदवता येऊ नये. एक पावती सेव्ह होत असताना दुसरी सुरू होऊ नये. म्हणून तुम्ही बटण डिसेबल करता, ते करडं होतं. मेनूतला पर्याय मात्र तसाच जिवंत राहतो, कारण त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. आता सर्व्हर जरा हळू चाललाय, बटण करडं आहे, पावती काही येत नाही, समोर रांग आहे. कॅशियर काय करेल? मेनू उघडेल, तिथे 'पावती नोंदवा' चालू दिसेल, ती क्लिक करेल. खात्यात ५,००० रुपये दोनदा जमा, आणि पेटीत पैसे एकदाच. संध्याकाळी रोकड जुळत नाही, आणि ती तूट कॅशियरच्या नावावर लागते. प्रोग्रामरचं नाव तिथे कुणी घेत नाही.

म्हणजे वाटून घ्यायची ती आज्ञा. आज्ञा म्हणजे कामाचा कोड, त्याचं नाव, त्याचं चित्र, त्याची कळ, आणि ते काम आत्ता उपलब्ध आहे की नाही ही स्थिती. हे सगळं एका ऑब्जेक्टमध्ये ठेवायचं आणि बटण, मेनू यांनी त्या ऑब्जेक्टकडे बघून स्वतःला मांडायचं.

कल्पना जुनी आहे. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांचं 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक १९९४ मध्ये आलं. त्यात 'कमांड' नावाचा पॅटर्न आहे आणि तो समजावताना त्यांनी मेनूचंच उदाहरण घेतलंय. त्यांचा जोर 'अनडू'वर जास्त आहे. केलेलं काम मागे कसं घ्यायचं, त्याचा इतिहास कसा ठेवायचा, यावर. स्विंगने त्यातला आपल्या रोजच्या उपयोगाचा भाग उचलला आणि त्याला 'अ‍ॅक्शन' असं नाव दिलं. १९९८ च्या शेवटी जावा १.२ सोबत स्विंग आलं, तेव्हापासून अ‍ॅक्शन त्यात आहे. तरीही आजही मी जे विद्यार्थ्यांचे प्रोग्राम बघतो, त्यात दहा बटणांना दहा वेगळे लिसनर लावलेले सापडतात. पाठ्यपुस्तकात लिसनर आधी येतो आणि अ‍ॅक्शनपर्यंत कुणी पोचत नाही, असं मला वाटतं.

आता लिहायचं कसं ते बघू. 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट-अ‍ॅक्शन' हा तयार क्लास आहे. त्याच्यापासून आपला 'पावती-अ‍ॅक्शन' हा क्लास काढा. त्यात 'अ‍ॅक्शन-परफॉर्म्ड' ही एकच मेथड लिहावी लागते, पावती नोंदवण्याचं काम तिच्यात. कन्स्ट्रक्टरमध्ये 'पुट-व्हॅल्यू' वापरून माहिती भरा: नाव 'पावती नोंदवा', छोटं चित्र, मोठं चित्र, माउस नेल्यावर दिसणारी ओळ, आणि शॉर्टकट एफ९. मग या क्लासचा एक ऑब्जेक्ट बनवा आणि तोच ऑब्जेक्ट मेनूच्या 'अ‍ॅड'ला द्या, टूलबारच्या 'अ‍ॅड'लाही द्या. मेनू त्यातून स्वतःचा पर्याय बनवतो, टूलबार स्वतःचं बटण बनवतो. कुठेतरी सुटं बटण हवं असेल तर जे-बटणाच्या कन्स्ट्रक्टरलाही अ‍ॅक्शन देता येते.

'एक ऑब्जेक्ट' हे मी मुद्दाम म्हटलं. मेनूत भरताना 'न्यू पावती-अ‍ॅक्शन' आणि टूलबारमध्ये भरताना पुन्हा 'न्यू पावती-अ‍ॅक्शन' असं लिहिलं, तर क्लास एक असला तरी आज्ञा दोन झाल्या. एकीला डिसेबल केलं तर दुसरीला पत्ता नाही. म्हणजे आपण पुन्हा त्याच रोकड न जुळणाऱ्या संध्याकाळी पोचलो. आणि हा दोष प्रोग्राम चालवून चटकन दिसत नाही, कारण क्लिक केल्यावर दोन्ही काम करतात. अ‍ॅक्शन एकदाच बनवून फील्डमध्ये ठेवा आणि सगळीकडे ते फील्ड द्या.

यातली प्रत्येक माहिती प्रत्येक जण वापरत नाही. मोठं चित्र बटण घेतं, मेनू त्याकडे बघत नाही, तो छोटं घेतो. टूलबारवरच्या बटणाला चित्र मिळालं की नाव लपतं. शॉर्टकट फक्त मेनूतला पर्याय ऐकतो. या शेवटच्या गोष्टीने बरेच जण गोंधळतात. एफ९ अ‍ॅक्शनमध्ये लिहिलंय, म्हणून ती कळ आपोआप चालेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती मेनूमुळे चालत असते. काउंटरवर जागा वाचवायला कुणी मेनू बार लपवला, की एफ९ मुका होतो. मेनूशिवाय कळ हवी असेल तर विंडोच्या मुख्य पॅनेलच्या 'इनपुट-मॅप'मध्ये कळ आणि 'अ‍ॅक्शन-मॅप'मध्ये तीच अ‍ॅक्शन नोंदवा. तिथेही स्विंग कळ दाबल्यावर अ‍ॅक्शन चालू आहे का हे आधी विचारतं, बंद असेल तर काम होत नाही. हवं ते तेच.

आता अ‍ॅक्शनवर 'सेट-एनेबल्ड' फॉल्स केलं की आत काय होतं? अ‍ॅक्शन स्वतः कुठलंही बटण रंगवत नाही. ती फक्त पुकारा करते, 'माझी स्थिती बदलली'. बटण आणि मेनूतला पर्याय तिच्याशी जोडले गेले तेव्हाच त्यांनी हा पुकारा ऐकायला एक लिसनर लावलेला असतो. तो ऐकून दोघंही स्वतःला करडं करतात. हे एवढं समजलं की पुढचे तीन दोष आपोआप उमगतात.

पहिला: घाईत कुणीतरी अ‍ॅक्शन सोडून थेट बटणावरच 'सेट-एनेबल्ड' फॉल्स लिहितं. बटण करडं होतं, अ‍ॅक्शनला कळत नाही. नंतर तुम्ही अ‍ॅक्शनवर 'सेट-एनेबल्ड' ट्रू म्हणता, आणि बटण करडंच राहतं! कारण अ‍ॅक्शनच्या हिशेबी ती आधीपासून ट्रूच होती. किंमत बदलली नाही, म्हणून पुकारा झाला नाही. डीबगरमध्ये तुम्हाला ट्रू दिसतं, पडद्यावर करडं दिसतं, आणि तास जातो. नियम साधा ठेवा: अ‍ॅक्शन जोडलेल्या बटणाला थेट हात लावायचा नाही. नाव, चित्र, स्थिती, काहीही बदलायचं तर अ‍ॅक्शनमध्येच.

दुसरा: काही हुशार मंडळी 'इज-एनेबल्ड' ही मेथडच पुन्हा लिहितात, 'खातं निवडलेलं असेल तर ट्रू' असा हिशेब तिच्यात टाकतात. वाचायला सुंदर दिसतं. पण बटण ही मेथड पुन्हा पुन्हा विचारत नाही, ते पुकाऱ्याची वाट बघत बसतं. पुकारा नाही म्हणजे बटण बदलत नाही. कळ मात्र दर वेळी विचारते. म्हणजे कळ खरं सांगणार आणि बटण शिळं.

तिसरा दोष चालू-बंद राहणाऱ्या पर्यायांचा, जसं 'मोठी अक्षरं'. मेनूत टिकमार्क, टूलबारवर दाबून राहणारं बटण. जावा ६ पासून अ‍ॅक्शनमध्ये यासाठी 'सिलेक्टेड-की' आहे आणि ती दोन्ही बाजूंनी चालते: मेनूत टिक केलं की बटण दाबलेलं दिसतं. पण सुरुवातीला तुम्ही तिच्यात ट्रू किंवा फॉल्स काहीतरी भरलेलं असायला हवं. ती रिकामी असेल तर स्विंग समजतं की तुम्हाला ही सोय नको, आणि दोन्ही आपापल्या वाटेने जातात.

आता पावती दोनदा नोंदली जाण्याकडे परत येऊ, कारण अ‍ॅक्शन वापरूनही ते घडू शकतं. समजा 'अ‍ॅक्शन-परफॉर्म्ड'मध्ये तुम्ही असं लिहिलं: आधी स्वतःला डिसेबल करा, मग डेटाबेसमध्ये पावती लिहा, मग स्वतःला परत एनेबल करा. ओळी बरोबर वाटतात. पण स्विंगमध्ये क्लिक, कळा, पडदा रंगवणं हे सगळं एकाच धाग्यावर, म्हणजे एकाच थ्रेडवर, एकामागून एक चालतं. डेटाबेसला चार सेकंद लागले तर ते चार सेकंद सगळी विंडो गोठलेली. बटण करडं झालंय हेसुद्धा कॅशियरला दिसत नाही, कारण रंगवायला थ्रेड मोकळा नाही. ती दोनदा क्लिक करते. ते क्लिक हरवत नाहीत, रांगेत उभे राहतात. तुमची मेथड संपते, संपताना अ‍ॅक्शन एनेबल होते, आणि मग रांगेतले दोन क्लिक आत येतात. त्यांना बटण चालू दिसतं. आणखी दोन पावत्या!

म्हणून लांबणारं काम 'स्विंग-वर्कर'कडे द्या. 'अ‍ॅक्शन-परफॉर्म्ड'मध्ये अ‍ॅक्शन डिसेबल करा, वर्कर सुरू करा आणि लगेच बाहेर पडा. थ्रेड मोकळा झाला, तिन्ही दारं करडी झाली, आणि आता आलेले क्लिक बंद दारावर आपटतात. वर्करच्या 'डन' मेथडमध्ये, जी परत त्याच मुख्य थ्रेडवर चालते, निकाल बघून अ‍ॅक्शन एनेबल करा. काम फसलं तरी एनेबल करा आणि काय फसलं ते सांगा. नाहीतर एकदा नेटवर्क तुटलं की प्रोग्राम बंद करून उघडेपर्यंत पावती नोंदवता येणार नाही.

एवढं करूनही बटणाच्या करड्या रंगावर पैशांचा हिशेब सोडू नका. नोंद झाली पण उत्तर परत येण्याआधी लाइन गेली, तर कॅशियर पुन्हा प्रयत्न करणारच, आणि तिने करावाच. प्रत्येक पावतीला आधीच एक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसने नाकारावा. ते काम स्क्रीनचं नाही.

रकमेच्या चौकटीचीही एक गंमत आहे. तुम्ही 'जे-फॉर्मॅटेड-टेक्स्ट-फील्ड' वापरलं असेल, तर टाइप केलेली रक्कम लगेच पक्की होत नाही. कर्सर चौकटीतून बाहेर गेला किंवा एंटर दाबलं, की होते. बटणावर क्लिक केलं तर फोकस बटणाकडे जातो आणि रक्कम पक्की होते. एफ९ दाबल्यावर फोकस हलतच नाही. मग अ‍ॅक्शन 'गेट-व्हॅल्यू' विचारते आणि तिला आधीची रक्कम मिळते! एकच आज्ञा, एकच कोड, पण दारानुसार आकडा वेगळा. आणि नेमकी सगळ्यात अनुभवी कॅशियर एफ९ वापरते. उपाय एका ओळीचा आहे: अ‍ॅक्शनच्या सुरुवातीलाच त्या चौकटीवर 'कमिट-एडिट' बोलवा. रक्कम चुकीची असेल तर ती तिथेच अडवता येते. तुमचा प्रोग्राम तपासताना प्रत्येक काम तिन्ही दारांनी करून बघा, असं मी सांगतो ते यासाठीच.

पुढचा प्रश्न: ही स्थिती बदलायची कुठून? खातं निवडलं, दिवस बंद केला, वर्कर सुरू झाला, अशा दहा जागी 'सेट-एनेबल्ड' विखुरलं तर कुठे काय राहिलं ते कळत नाही. मी एकच मेथड ठेवतो, 'स्थिती ताजी करा'. तिच्यात प्रत्येक अ‍ॅक्शनसाठी एक ओळ: खातं निवडलेलं आहे, दिवस उघडा आहे आणि काही सेव्ह होत नाहीये, तर पावती-अ‍ॅक्शन चालू. काहीही बदललं की ही मेथड बोलवायची. वर सांगितलंच, की किंमत बदलली नसेल तर पुकारा होत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा बोलावण्याचा भार पडत नाही.

विंडोजच्या जुन्या एमएफसीमध्ये हे उलट्या बाजूने होतं. तिथे मेनू उघडण्याच्या क्षणी प्रत्येक पर्यायाबद्दल प्रोग्रामला विचारलं जातं, 'हा चालू दाखवू का?' टूलबारबद्दल प्रोग्राम रिकामा असताना विचारलं जातं. पुकारा करण्याची जबाबदारीच नाही, म्हणून विसरण्याची भीती नाही. त्याची किंमत अशी की तुमचं उत्तर झटपट असावं लागतं. त्यात डेटाबेसला विचारत बसलात तर मेनू उघडायलाच वेळ लागेल. मला हिशेबाच्या प्रोग्रामसाठी पुकाऱ्याची पद्धत बरी वाटते, पण एमएफसीवाल्यांनी विचार करून ते केलं होतं हे मान्य करायला हवं.

आपल्याकडे अ‍ॅक्शनचा आणखी एक उपयोग होतो, भाषा बदलण्याचा. एकच प्रोग्राम इंदूरला हिंदीत, बेळगावला कन्नड आणि मराठीत चालवायचा असेल तर नाव अ‍ॅक्शनमध्ये एकदा बदललं की मेनू आणि बटण दोन्ही बदलतात. अडचण येते ती आल्ट दाबून वापरायच्या, अधोरेखित अक्षराच्या सोयीची. स्विंगमध्ये ते अक्षर म्हणजे कीबोर्डवरच्या कळेचा कोड असतो, आणि देवनागरी अक्षरांसाठी तसे कोड नाहीत. 'पावती'तल्या 'प'खाली रेघ ओढून चालत नाही. चिनी आणि जपानी प्रोग्राममध्ये नावापुढे कंसात एक रोमन अक्षर देतात, आणि रेघ त्याखाली येते. आपणही तेच करावं, दिसायला फार बरं नसलं तरी.

आता पायथनवाले. क्यूटमध्ये याच गोष्टीला 'क्यू-अ‍ॅक्शन' म्हणतात आणि ती जवळपास तशीच वागते: एक ऑब्जेक्ट, तो मेनूत घाला आणि टूलबारमध्येही घाला. क्यूट ६ मध्ये हा क्लास विजेट्सच्या मोड्यूलमधून जीयूआयच्या मोड्यूलमध्ये हलवलाय, म्हणून जुने धडे बघून इम्पोर्ट लिहिलात तर चूक दाखवेल. दोन वेगळे ऑब्जेक्ट बनवून दोघांना एकच शॉर्टकट दिलात, तर क्यूट कुणाचंच काम करत नाही, कळ संदिग्ध आहे असा इशारा देतं. स्विंगपेक्षा हे बरं, निदान दोष लगेच कळतो.

टीकिंटरमध्ये मात्र अशी आज्ञाच नाही. बटणाला 'कमांड' म्हणून फंक्शन देता, मेनूला तेच फंक्शन देता, पण स्थिती दोघांची वेगळी. शिवाय मेनूत 'अ‍ॅक्सिलरेटर' म्हणून एफ९ लिहिलं तर ती फक्त दिसणारी अक्षरं असतात, कळ तुम्हाला वेगळी 'बाइंड' करावी लागते. आणि बाइंड केलेली कळ बटण करडं आहे की नाही हे बघतच नाही! टीकिंटरमध्ये दोन दारं बंद केली तरी तिसरं सताड उघडं राहतं.

तिथे छोटा क्लास स्वतः लिहा. त्यात चार गोष्टी: फंक्शन, चालू-बंद स्थिती, जोडलेल्या बटणांची यादी, आणि मेनू व त्यातल्या पर्यायाचा क्रमांक अशा जोड्यांची यादी. स्थिती बदलायच्या मेथडमध्ये दोन्ही याद्या फिरून प्रत्येकाची 'स्टेट' बदला. आणि काम चालवणारी एकच मेथड ठेवा, जी आधी स्थिती बघते, बंद असेल तर तिथूनच परत फिरते. बटण, मेनू आणि बाइंड, तिघांनाही हीच मेथड द्या. बाइंड तिला इव्हेंट हा एक जास्तीचा आर्ग्युमेंट पाठवतं, बटण पाठवत नाही, म्हणून त्याला आधीच 'नन' अशी किंमत देऊन ठेवा. तीसेक ओळींत होतं. लिहून झालं की बटण करडं करा आणि एफ९ दाबून बघा.